आधी जागा, मग पदवी

शिवाजी पेठेचे नाव निघाले की कोल्हापूरबाहेरच्या माणसाला तालमी, कुस्ती, फुटबॉलचे मंडळ आणि रंकाळ्याचा काठ आठवतो. पेठेतल्या माणसालाही या ओळखीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण याच पेठेत महाराष्ट्र हायस्कूल आणि न्यू कॉलेज चालवणारी एक संस्था आहे. तिने आपल्या नावातून ‘बोर्डिंग हाउस’ हे शब्द आजवर काढलेले नाहीत. श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउस १९२० साली निघाले, आणि ज्याच्या नावाने निघाले तो शाहू महाराजांचा धाकटा मुलगा १९१८ मध्ये शिकारीत अपघाताने गेला होता. तरुण मुलाच्या स्मरणार्थ राजाला देऊळ बांधता आले असते, छत्री उभारता आली असती. महाराजांनी मुलांच्या राहण्याजेवणाची सोय केली. महाविद्यालय त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी आले. कोल्हापुरात बहुजन समाजाच्या उच्च शिक्षणाचा आरंभ नेमका कशाने झाला, हे या क्रमात दिसते. आधी जेवणाचे ताट आणि नोकरीची जागा आली, पदवी त्यांच्या मागून आली. इतिहास लिहिताना आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा मांडतो.

‘पहिला पदवीधर’, ‘पहिली डॉक्टर’ अशा याद्या आपल्याला आवडतात. त्यांत कर्तृत्वाला नमस्कार असतो, त्यामुळे त्या वाईट नाहीत. पण त्या याद्या वाचताना असे वाटू लागते की एखादे विलक्षण बुद्धीचे मूल जन्माला आले आणि सगळे अडथळे ओलांडून पुढे गेले. कोल्हापूरचाच दाखला घेऊ. महादेव गोविंद रानडे यांचे बालपणीचे शिक्षण कोल्हापुरात झाले, कारण त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. गोपाळ कृष्ण गोखले कागलहून कोल्हापूरला शिकायला आले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले. वडील वारलेले, घरची परिस्थिती बेताची. थोरला भाऊ गोविंद याला महिना पंधरा रुपये पगार होता आणि त्यातले आठ रुपये तो गोपाळला पाठवी. गोखल्यांचे दारिद्र्य खरे होते, त्यांचे कष्टही खरे होते. तरीही त्यांच्या घरात पंधरा रुपयांची का होईना, कारकुनाची नोकरी होती, आणि तीच पुढच्या भावाच्या शिक्षणाचा पाया झाली. एका पिढीतली किंवा एका भावाची पगारी जागा दुसऱ्याची पदवी घडवते, हा प्रघात इतका सरावाचा झाला होता की तो कोणाच्या लक्षात येत नसे. ज्या घरात अशी जागा मुळात आलीच नाही, त्या घरातल्या मुलाच्या बुद्धीची परीक्षा घ्यायची तरी कशी?

वैद्यकीय शिक्षणाचा दाखला याहून स्पष्ट आहे, आणि तोही कोल्हापूरशी जोडलेला आहे. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव पोस्टात होते आणि बदलीच्या निमित्ताने काही काळ कोल्हापुरात होते. बायकोला शिकवण्याच्या ध्यासापायी त्यांनी येथून मिशनऱ्यांकडे केलेला पत्रव्यवहार अमेरिकेतल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापला गेला. त्याचे संपादक रॉयल वाइल्डर यांनी स्वतः अनेक वर्षे कोल्हापुरात मिशन चालवले होते. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात तो पत्रव्यवहार आला आणि तेथून पुढचा रस्ता उघडला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. त्या अजून अमेरिकेतच होत्या, तेव्हा कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून जागा देऊ केली. हे हॉस्पिटल म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, गावच्या तोंडातला ‘थोरला दवाखाना’. त्या वेळी शाहू महाराज जेमतेम बारा वर्षांचे होते, राज्यकारभार त्यांच्या हाती नव्हता. म्हणजे या नेमणुकीचे श्रेय एका थोर राजाच्या उदारपणाला देता येत नाही. पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला बायका तयार नव्हत्या आणि दवाखान्याला स्त्री डॉक्टर हवी होती. गरज होती, पगार होता, पद होते, फक्त ते सांभाळणारी बाई हवी होती. आनंदीबाई आजारी अवस्थेत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या त्या जागेवर त्या कधी बसू शकल्या नाहीत.

पण ती जागा वाया गेली नाही, आणि हाच भाग आनंदीबाईंच्या कथांतून बहुधा सुटतो. स्त्री डॉक्टरसाठी कोल्हापुरात पगारी पद आहे, हे एकदा ठरले की त्या पदाकडे पाहून शिकणारी मुलगीही तयार होते. कृष्णाबाई केळवकर अशाच तयार झाल्या. त्यांच्या आई रखमाबाई संस्थानात मुलींच्या शाळांच्या कामात होत्या. शाहू महाराजांनी त्यांच्याकडे अधिकाराचे पद दिले, तेव्हा एका हिंदी बाईला एवढ्या वरच्या जागी बसवणे ही साधी गोष्ट नव्हती. पगार मिळवणाऱ्या आईच्या घरातली ही मुलगी फर्ग्युसन कॉलेजात शिकली. तेथे शिकलेल्या अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी ती एक होती. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ती डॉक्टर झाली आणि कोल्हापूरला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात रुजू झाली. महाराजांनी तिला अधिक शिक्षणासाठी परदेशीही पाठवले. आनंदीबाईंच्या मृत्यूपासून कृष्णाबाईंच्या नेमणुकीपर्यंत साधारण पंधरा वर्षे गेली. या पंधरा वर्षांत समाजाचे मन बदलले असे मानण्याइतका पुरावा नाही. बायका शिकल्या तर नवरा मरतो, असे म्हणणारे तेव्हाही गल्लोगल्ली होते. शिकलेल्या मुलीला उभी राहायला एक जागा आहे, हे मात्र सगळ्यांना दिसत होते.

आता २६ जुलै १९०२ चा हुकूम पाहू. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. त्या हुकुमाने संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीच्या सर्वांना मागासलेले समजावे, अशी त्यात व्याख्या होती. ज्या खात्यात असे लोक निम्म्याहून कमी असतील तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीला तसा अहवाल द्यावा, असेही त्यात होते. आपण हा हुकूम आरक्षणाचा आरंभ म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण त्याच्या सुरुवातीला दिलेले कारण मला हुकुमापेक्षाही महत्त्वाचे वाटते. संस्थानात सर्व वर्गांना शिक्षणाचे उत्तेजन देण्याचे प्रयत्न होऊनही मागासलेल्या वर्गांत ते अपेक्षेइतके यशस्वी झाले नाहीत, असे हुकूम कबूल करतो. मग तो निष्कर्ष काढतो की उच्च शिक्षणाची फळे पुरेशा विस्तृत प्रमाणात वाटली जात नाहीत, म्हणूनच उच्च शिक्षण वाढत नाही. म्हणजे नोकरीतल्या राखीव जागा येथे शिक्षणाचे साधन म्हणून मांडल्या आहेत. रानडे आणि गोखले यांच्या घरात जे आपोआप घडले होते, ते ज्या घरात घडणार नव्हते तेथे घडवून आणण्याचा हा प्रयत्न होता. १८९४ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या आणि ५०० कारकुनी जागांपैकी फक्त १० ब्राह्मणेतरांकडे. कारकुनाच्या या दहा जागा म्हणजे, गोखल्यांच्या भावासारखे घरातल्या धाकट्याला शिकवू शकतील असे जेमतेम दहा भाऊ. या आकड्याकडे असे पाहिले की महाराजांची घाई समजते.

यावर त्या वेळी घेतलेली आणि आजही ऐकू येणारी हरकत अशी की लायक माणसे आधी तयार करा, जागा मागून द्या. नाहीतर कारभाराचा दर्जा घसरेल. या हरकतीत तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जागा आधी आणि माणूस नंतर असे केल्यावर काही काळ कमी तयारीची माणसे खुर्चीवर बसणारच. महाराजांनी तर पुढे अस्पृश्य समाजातल्या काहींना वकिलीच्या सनदाही दिल्या, आणि त्यासाठी कायद्याची पदवी होईपर्यंत थांबले नाहीत. पण हरकत घेणाऱ्यांच्या क्रमात एक गृहीत लपलेले आहे. फळाची खात्री नसताना शेतकऱ्याचे घर वीस वर्षे एका मुलाला शाळा-कॉलेजात ठेवील, असे ते गृहीत आहे. शेतावरचे दोन हात कमी करून, कर्ज काढून मुलाला शिकवणाऱ्या बापाला समोर कोणीतरी आपला माणूस मामलेदार झालेला दिसायला हवा. भास्करराव जाधव एम.ए., एल्एल.बी. होऊन संस्थानच्या नोकरीत मोठ्या जागी आले तेव्हा त्यांच्या विद्वत्तेचा उपयोग कारभाराला झालाच, पण त्या जागेवर ते दिसत राहण्याचा उपयोग गावोगावच्या घरांना झाला. १९१२ पर्यंत प्रशासनातल्या ९५ जागांपैकी ब्राह्मणांकडे ३५ राहिल्या होत्या. दहा वर्षांत लायक माणसे जमिनीतून उगवली नाहीत. जागा आहेत हे कळल्यावर ती शाळांतून आणि बाहेरगावांहून आली. ‘लायक माणसे कुठे आहेत?’ या प्रश्नाला यापेक्षा नेमके उत्तर मला माहीत नाही.

तरीही नोकरीची आशा एकटी पुरत नव्हती. कारण खेड्यातून आलेला मुलगा कोल्हापुरात रात्री झोपणार कुठे आणि जेवणार काय? येथे ब्राह्मण विद्यार्थी आणि कुणब्याचा मुलगा यांच्यातला खरा फरक समोर येतो, आणि तो बुद्धीचा नव्हता, पैशाचाही फारसा नव्हता. गरीब ब्राह्मण मुलगा शहरात आला तर त्याला वार लावून जेवता येई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरीही मागता येई. त्यात अवहेलना होती, कित्येकांनी ती सोसली आणि मोठेपणी तिची आठवण काढून हळहळले. पण ती सोय शतकानुशतके उभी होती आणि विद्या शिकणाऱ्या मुलाला जेवू घालणे पुण्याचे मानले जात होते. कागल, राधानगरी किंवा पन्हाळ्याच्या बाजूने आलेल्या मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान मुलाला असे सात दिवसांचे सात दरवाजे उघडे नव्हते. महार, मांग, चांभार मुलाला तर एकही नव्हता. १८९६ च्या सुमारास राजाराम कॉलेजाशी जोडून सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिले, पण त्याचा लाभ मुख्यतः एकाच वर्गाला झाला. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, त्यानंतर लिंगायत आणि मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि अशी मालिका १९२० च्या प्रिन्स शिवाजी बोर्डिंगपर्यंत आली. माधुकरी ज्या समाजांना नव्हती त्यांच्यासाठी राज्याने उभारलेली ही माधुकरी होती, पण हात पसरायला न लावणारी. कर्मवीर भाऊराव पाटील याच जैन बोर्डिंगात राहिले होते. शिस्तीपायी तेथून त्यांना बाहेर पडावे लागले, पण पुढे त्यांनी रयत शिक्षण संस्थेच्या कामात वसतिगृहालाच केंद्रस्थान दिले, याचे बीज कोल्हापुरात होते असे मानायला जागा आहे.

येथे दुसरी हरकत येते, आणि ती पहिलीपेक्षा जड आहे. जातीजातींची वेगळी बोर्डिंगे काढून महाराजांनी जाती मोडल्या की पक्क्या केल्या? आज शंभर वर्षांनी पाहता या प्रश्नाला झटकून टाकणे योग्य नाही. ज्या संस्था मुलांना एकत्र आणायला निघाल्या त्यांच्यापैकी काही पुढे जातीच्या राजकारणाचे अड्डेही झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९०१ मध्ये पर्याय काय होता? सगळ्यांसाठीचे एक वसतिगृह काढून पाहिले होते आणि ते कोणाचे झाले हे दिसले होते. शिवाय पैसा कोठून येणार होता? संस्थानने जमीन आणि अनुदान दिले तरी बोर्डिंग चालवायला त्या त्या समाजातल्या सावकाराने, व्यापाऱ्याने, इनामदाराने हात सैल सोडणे भाग होते, आणि तो हात आपल्या मुलांसाठी सैल सुटत होता. एकत्र वसतिगृह ही कल्पना नैतिकदृष्ट्या वरचढ होती, पण तिच्यात कुणब्याच्या मुलाला जेवण मिळत नव्हते. महाराजांनी जेवण निवडले. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. म्हणजे वेगळेपणाला त्यांनी कायमचे तत्त्व मानले नव्हते. जेथे एकत्र आणणे राज्याच्या हातात होते तेथे एकत्र आणले, जेथे समाजाच्या पैशावर अवलंबून होते तेथे वेगळे चालू दिले.

या क्रमाची पारख दूरच्या एका उदाहरणावर करता येते. न्यूझीलंडमधल्या माओरी समाजाची लोकसंख्या १८९६ च्या शिरगणतीत सुमारे ४२ हजारांवर आली होती आणि ही जमात संपणार असे गोरे राज्यकर्ते उघड बोलत होते. त्याच सुमारास ‘ते औते कॉलेज’ या निवासी शाळेतून एक पिढी बाहेर पडली. मुख्याध्यापक जॉन थॉर्नटन यांनी मुलांना विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसवण्याचा आग्रह धरला होता. अपिराना न्गाता १८९३ मध्ये माओरींतले पहिले पदवीधर झाले. माउई पोमारे १८९९ मध्ये शिकागोत डॉक्टर झाले, ‘ते रांगी हिरोआ’ म्हणजे पीटर बक १९०४ मध्ये ओटागोच्या वैद्यकीय शाळेतून डॉक्टर झाले. शेतकऱ्याच्या आणि आदिवासीच्या मुलाला शेतकी शिकवावी, साहित्य आणि गणित कशाला, असा सूर आपल्याकडे होता तसाच तेथेही होता. १९०६ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने ‘ते औते’चा अभ्यासक्रम शेतीकडे वळवावा अशी शिफारसही केली. ही निवासी शाळा माओरींनी शाळेसाठी दिलेल्या जमिनीवर उभी होती. आणि पोमारे परतले त्याच सुमारास, १९०१ मध्ये, माओरींच्या आरोग्यासाठी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद निर्माण होऊन ते त्यांना मिळाले. पुढे बक त्यांचे सहकारी झाले. राहण्याजेवणाची सोय, उच्च शिक्षणाचा आग्रह आणि समोर एक पद, हे तिन्ही तेथेही होते. फरक असा की माओरींच्या पहिल्या पदवीधर पिढीतच पुरुष डॉक्टर झाले, आणि त्यांच्या देशात वैद्यकीय शाळा होती.

कोल्हापूरच्या बहुजन मुलांचा वैद्यकीय शिक्षणातला वेग कारभार आणि वकिलीच्या मानाने मंद राहिला, याचे कारणही याच क्रमात शोधावे लागते. डॉक्टर व्हायचे तर मुंबईला जाणे भाग होते. कोल्हापूरचे बोर्डिंग राजाराम कॉलेजच्या दारापर्यंत सोबत करी, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या दारापर्यंत नाही. मुंबईचा खर्च वेगळा, वर्षे जास्त. कोल्हापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यायला एकविसावे शतक उजाडावे लागले, आणि ते थोरल्या दवाखान्याशीच जोडले गेले. बुद्धी कमी होती असे म्हणणाऱ्यांनी पुण्याचे शस्त्रवैद्य डॉ. विश्राम रामजी घोले आठवावेत. गवळी समाजातला हा माणूस एकोणिसाव्या शतकातच नामवंत डॉक्टर झाला आणि सत्यशोधक समाजाच्या कामात महात्मा फुल्यांच्या बाजूला उभा राहिला. अपवाद घडू शकतो, हे घोले सिद्ध करतात. अपवादाची परंपरा व्हायला मात्र मुंबईतले जेवण आणि कोल्हापुरातली जागा, दोन्ही लागले असते.

या मांडणीला सर्वांत कठीण उदाहरण राजवाड्यातलेच आहे, म्हणून ते शेवटी ठेवले. प्रिन्स शिवाजींच्या मागे राहिलेल्या इंदुमतीराणी तेव्हा बारा वर्षांच्याही नव्हत्या. त्या काळच्या मराठा राजघराण्यात विधवा सुनेचे आयुष्य पडद्याआड संपे. महाराजांनी राजवाड्याचा विरोध अंगावर घेऊन तिला शिकवले, शहराबाहेर सोनतळीला ठेवून तिच्या अभ्यासाची व्यवस्था केली आणि तिने डॉक्टर व्हावे असा मनोदय धरला. येथे जेवणाचा प्रश्न नव्हता, पैशाचा नव्हता, मुलगी हुशार होती, आणि पाठीशी साक्षात छत्रपती होते. तरीही ते झाले नाही. ६ मे १९२२ रोजी महाराज वारले. इंदुमतीराणी १९२५ मध्ये मॅट्रिक झाल्या, वैद्यकीय शिक्षण मात्र राहून गेले. मग माझा मुद्दा खोटा ठरतो का? मला उलट वाटते. कृष्णाबाईंच्या मागे आईचा पगार होता, पुढे दवाखान्यातली जागा होती आणि त्या जागेला डॉक्टर हवी होती. राजघराण्यातल्या सुनेची वाट पाहणारी अशी जागा कोठेच नव्हती. तिच्या शिक्षणामागे एका माणसाची इच्छा होती, आणि तो माणूस अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेला. त्याच शोकातून निघालेले बोर्डिंग मात्र चालू राहिले, त्याचे हायस्कूल झाले, १९७१ मध्ये न्यू कॉलेज झाले, कारण त्याला खोल्या होत्या, स्वयंपाकघर होते आणि दरवर्षी खेड्यातून येणारी मुले होती.